‘द’ सुटतो, ‘अबाउट’ जास्तीचा पडतो

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

“मी एका खासगी कंपनीत लेखा विभागात काम करते. शिक्षण मराठी माध्यमातून झालं. इंग्रजी वाचायला अडचण येत नाही, मीटिंगमध्ये बोलणंही निभावून नेते. पण मी लिहिलेली मेल वरिष्ठांकडून दुरुस्त होऊनच परत येते. कुठे ‘द’ घातलेला असतो, कुठे खोडलेला. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’चे नियम वहीत उतरवून पाठ केले, प्रिपोझिशनच्या याद्या घोकल्या, तरी लिहायला बसलं की हात अडतो. परवा मी लिहिलं, ‘आय विल डिस्कस अबाउट मॅटर विथ टीम इन मीटिंग ऑन नेक्स्ट मंडे.’ या एका वाक्यात सहा दुरुस्त्या झाल्या! याला काही नियम आहे की ज्याच्या त्याच्या कानाला बरं वाटेल तसं? मेल तपासणारं सॉफ्टवेअर वापरून भागेल का? पुढच्या महिन्यात वरच्या पदासाठी अर्ज करायचा आहे. प्लीज गिव्ह मी ॲन ॲडव्हाइस.”

ताई, नियम आहे, आणि तुमची अडचण पाठांतराची नाही. तुम्ही पाठ केलंय ते बहुतेक बरोबरच असणार. पण आर्टिकलची, म्हणजे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ची वही वेगळी, ‘इन’, ‘ऑन’, ‘विथ’ अशा प्रिपोझिशनची यादी वेगळी, आणि लिहिताना मनात चालू असलेलं मराठी वाक्य तिसरंच. या तिघांची गाठ कुणी घालून दिली नाही.

तुमचंच वाक्य घेऊ. मनात काय होतं? ‘पुढच्या सोमवारी मीटिंगमध्ये टीमशी त्या विषयावर चर्चा करीन.’ आता बघा, ‘सोमवारी’मधल्या ‘ई’चा झाला ‘ऑन’, ‘मध्ये’चा झाला ‘इन’, ‘शी’चा झाला ‘विथ’, ‘वर’चा झाला ‘अबाउट’. मराठीत प्रत्येक नामाला काहीतरी जोडलेलं होतं, त्या प्रत्येकासाठी तुम्ही इमानाने एकेक इंग्रजी शब्द ठेवलात. ‘द’साठी मात्र मराठी वाक्यात वेगळा शब्द नव्हता, म्हणून तो एकदाही आला नाही. आणखी एक गोष्ट पाहा: तिन्ही ‘द’ प्रिपोझिशनच्या लगेच पुढेच सुटले आहेत. ‘अबाउट मॅटर’, ‘विथ टीम’, ‘इन मीटिंग’. मराठी भाषकांच्या इंग्रजीत आर्टिकल सुटण्याची ही हमखास जागा.

दुरुस्त वाक्य असं: ‘आय विल डिस्कस द मॅटर विथ द टीम ॲट द मीटिंग नेक्स्ट मंडे.’ यातली ‘इन’च्या जागी ‘ॲट’ ही दुरुस्ती केली नसती तरी चाललं असतं. ‘इन द मीटिंग’ लोक सर्रास म्हणतात. बाकीच्या पाच मात्र हव्यातच.

आधी ‘द’चं पाहू. मराठीत आर्टिकल नाही. संस्कृतात नव्हतं, लॅटिनमध्ये नव्हतं, रशियन आणि जपानीत नाही, आणि त्या भाषांतून इंग्रजीकडे येणारी माणसंही नेमकी इथेच अडखळतात. पण आर्टिकल जे काम करतं ते काम मराठी करत नाही, असं मुळीच नाही. ‘खोलीत मांजर आहे’ आणि ‘मांजर खोलीत आहे’ ही दोन वाक्यं म्हणून बघा. शब्द तेच, फक्त जागा बदलली. पहिल्यात मांजराची वार्ता आपल्याला आत्ताच कळतेय, कुठलंतरी मांजर. दुसऱ्यात मांजर कोणतं ते आपल्याला आधीच ठाऊक आहे, ते कुठे आहे एवढंच सांगितलंय. इंग्रजीत पहिलं होईल ‘देअर इज अ कॅट इन द रूम’, दुसरं ‘द कॅट इज इन द रूम’. तसंच ‘मी डॉक्टर शोधतेय’ आणि ‘मी डॉक्टरांना शोधतेय’. पहिली बाई कुणीतरी डॉक्टर मिळावा म्हणून फिरतेय, दुसरीला ठरावीक डॉक्टर हवे आहेत. ‘अ डॉक्टर’ आणि ‘द डॉक्टर’ यांतला फरक हाच. मराठी तो कधी शब्दांच्या जागेने दाखवते, कधी ‘ला-ना’ लावून. हा फरक तुम्हाला जन्मापासून कळतो. इंग्रजीत त्याला स्वतंत्र शब्द द्यावा लागतो, एवढंच नवीन आहे.

म्हणून आर्टिकलचे नियम आठवण्याआधी एक करून पाहा. मनातल्या मराठी वाक्यात त्या नामाआधी ‘तो, ती, ते’ घालून बघा. अर्थ न बिघडता बसलं तर ‘द’. ‘एखादा’ किंवा ‘एक’ बसलं तर ‘अ’ नाहीतर ‘ॲन’. दोन्ही बसत नसेल आणि बोलणं सबंध जातीबद्दल किंवा मोजता न येणाऱ्या वस्तूबद्दल असेल, तर बहुधा काहीच नको. ‘त्या विषयावर, त्या टीमशी, त्या मीटिंगमध्ये’ तिन्ही बसतात, म्हणून तीन ‘द’. ही पळवाट नाही. ‘द’ हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘तो-ती-ते’ अर्थाच्या दर्शक सर्वनामातूनच आलाय, आणि ‘ॲन’ हा मुळात ‘एक’ अर्थाचाच शब्द.

फक्त हे ठरवताना एक पथ्य पाळा. ‘ते’ कोणतं हे तुम्हाला माहीत असून भागत नाही, वाचणाऱ्याला माहीत हवं. तुम्ही दिवसभर एका बिलाशी झगडत असता, ते तुमच्या डोळ्यांपुढे असतं, आणि मेलची सुरुवात होते ‘द बिल इज राँग’. समोरच्याला प्रश्न पडतो, कोणतं बिल? पहिल्यांदा उल्लेख करताना ‘देअर इज ॲन एरर इन अ बिल वुई रिसीव्ह्ड येस्टरडे’ असं म्हटलं की त्याला बिल भेटलं, मग पुढच्या ओळीपासून ते ‘द बिल’. आर्टिकल ही वाचणाऱ्याची सोय आहे. तुमच्या वरिष्ठांनी जे ‘द’ खोडलेत, त्यांतले बरेच याच कारणाने खोडले असावेत.

कधीकधी पहिल्याच उल्लेखाला ‘द’ लागतो, कारण नामाच्या मागोमाग येणारं प्रिपोझिशनचं पदच (म्हणजे प्रिपोझिशन आणि त्याच्या पुढचं नाम मिळून झालेला शब्दगट) ती ओळख करून देतं. ‘द फाइल’ म्हटलं तर कोणती ते कळत नाही, ‘द फाइल ऑन युअर डेस्क’ म्हटलं की कळतं. इथे शाळेत एक अर्धवट नियम शिकवला जातो: पुढे ‘ऑफ’ आला की आधी ‘द’ घालायचा. तो विसरून जा. ‘द लीडर ऑफ द टीम’ बरोबर, कारण प्रमुख एकच. पण ‘अ मेंबर ऑफ द टीम’, कारण सदस्य अनेक, त्यांतला हा एक. ‘द कव्हर ऑफ द बुक’, पण ‘अ पेज ऑफ द बुक’. ‘ऑफ’ बघून ठरवू नका. त्या वर्णनाची वस्तू एकच आहे की अनेक, हे बघून ठरवा.

आता प्रिपोझिशनकडे. मराठीत ‘टेबलावरच्या डब्यातल्या चाव्या’ म्हणतो. आधी टेबल, मग डबा, शेवटी चाव्या. इंग्रजीत हे पूर्ण उलटं वळतं: ‘द कीज इन द बॉक्स ऑन द टेबल’. आधी चाव्या, मग डबा, मग टेबल. मराठीचं शब्दयोगी अव्यय नामाच्या शेपटाला चिकटतं, इंग्रजीचं प्रिपोझिशन नामाच्या आधी येतं आणि त्याच्या नि नामाच्या मधे आर्टिकल, विशेषण वगैरे बसतं: ‘इन द ओल्ड ब्लू बॉक्स’. हे सगळं मिळून एक पद आहे. शिकायचं ते अख्खं पद. ‘इन’ वेगळा, ‘द’ वेगळा आणि ‘बॉक्स’ वेगळा असं शिकलं की मधला ‘द’ गळतो. म्हणून प्रिपोझिशन लिहिलं की पुढचं नाम येईपर्यंत थांबू नका, एका दमात लिहा: ‘विथ द टीम’, ‘फ्रॉम द बँक’, ‘अंडर अ न्यू रूल’.

या उलट्या क्रमामुळे आणखी दोन घोटाळे होतात. ‘बिलांची यादी तयार आहे’ या वाक्यात क्रियापद यादीला खेटून आहे, चुकायला वाव नाही. इंग्रजीत ‘द लिस्ट ऑफ बिल्स’ म्हटल्यावर क्रियापदाच्या शेजारी बिल्स येतात आणि हात आपोआप ‘आर’ लिहितो. हवं ‘इज’, कारण तयार आहे ती यादी. ‘वन ऑफ द फाइल्स इज मिसिंग’ हेही तसंच.

दुसरा घोटाळा जास्त अडचणीचा. मराठीत ‘च्या’ आणि ‘ल्या’ हे कोण कुणाला जोडलंय ते सांगत राहतात. इंग्रजी पदाला असं काही नसतं, त्याची जागा हीच त्याची खूण. ‘प्लीज सेंड द रिपोर्ट टू द मॅनेजर ऑन द न्यू सॉफ्टवेअर’ असं लिहिलंत तर रिपोर्ट नव्या सॉफ्टवेअरबद्दल आहे की तो त्या सॉफ्टवेअरवरून पाठवायचा आहे, वाचणारा अडकतो. ‘द रिपोर्ट ऑन द न्यू सॉफ्टवेअर’ एकत्र ठेवा आणि ‘टू द मॅनेजर’ त्याच्या मागून येऊ द्या. जे पद ज्याच्याबद्दल आहे त्याला चिकटून राहिलं पाहिजे.

तुमच्या ‘डिस्कस अबाउट’बद्दल आता सविस्तर सांगते, कारण ही चूक तुमची एकटीची नाही आणि तिचं कारण कळलं की ती सुटते. ‘डिस्कस’ हे क्रियापद आपलं कर्म थेट घेतं, मधे कुणी लागत नाही. पण ‘डिस्कशन’ या नामाला ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’ लागतो: ‘वुई हॅड अ डिस्कशन अबाउट द मॅटर.’ हे अगदी बरोबर आहे. आपण तेच ऐकलेलं असतं आणि नामाचं प्रिपोझिशन क्रियापदाला लावून मोकळे होतो. असे जोड बरेच आहेत. ‘आन्सर द क्वेश्चन’, पण ‘ॲन आन्सर टू द क्वेश्चन’. ‘रिक्वेस्ट अ कॉपी’, पण ‘अ रिक्वेस्ट फॉर अ कॉपी’. ‘ऑर्डर अ प्रिंटर’, पण ‘ॲन ऑर्डर फॉर अ प्रिंटर’. ‘एंटर द रूम’, ‘रीच द ऑफिस’, ‘मेन्शन द डेट’ यांनाही मधे काही नको. मराठीत ‘खोलीत शिरणं’, ‘ऑफिसला पोचणं’ असतं म्हणून ‘एंटर इन’, ‘रीच टू’ तोंडात येतं.

‘ला’ म्हणजे ‘टू’ हे समीकरण तर पहिल्यांदा मोडा. ‘त्याला सांगितलं’ म्हणजे ‘टोल्ड हिम’, ‘तिला विचारलं’ म्हणजे ‘आस्क्ड हर’. आणि ‘कुत्र्याला घाबरतो’ म्हणजे ‘अफ्रेड ऑफ द डॉग’. एकाच ‘ला’चे हे वेगवेगळे अवतार.

‘पासून’ आणि ‘पर्यंत’ यांनी तर ऑफिसच्या पत्रव्यवहारात फार नुकसान होतं. ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ दोन्हीकडे आपण एकच शब्द वापरतो. इंग्रजी इथे दोन वाटा करतं: सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स मंडे’, गेलेला काळ मोजायचा तर ‘फॉर टू इयर्स’. ‘सिन्स टू इयर्स’ कधीच नाही. ‘पर्यंत’चं तसंच. ‘पाचपर्यंत फाइल पाठवा’ म्हणजे पाचच्या आत केव्हाही, एकदाच: ‘बाय फाइव्ह’. ‘पाचपर्यंत थांबा’ म्हणजे तोवर सतत: ‘अंटिल फाइव्ह’. इथे गल्लत झाली तर अर्थच बदलतो. ‘द ऑफिस विल बी क्लोज्ड बाय फाइव्ह’ म्हणजे पाचच्या आत कार्यालय बंद झालेलं असेल. ‘अंटिल फाइव्ह’ म्हटलं तर पाच वाजता ते उघडेल. वाचणारा त्याप्रमाणे निघेल किंवा निघणार नाही.

‘ऑन नेक्स्ट मंडे’मधला ‘ऑन’ का गेला? वार एकटा असेल तर ‘ऑन मंडे’, पण आधी ‘नेक्स्ट’, ‘लास्ट’, ‘धिस’ किंवा ‘एव्हरी’ आला की प्रिपोझिशन गळतं. एरवी वेळेचा हिशोब सोपा आहे. घड्याळाची वेळ ‘ॲट’, वार-तारीख ‘ऑन’, महिना-वर्ष ‘इन’. सकाळ ‘इन द मॉर्निंग’ आणि रात्र ‘ॲट नाइट’, आर्टिकलशिवाय. यामागचं कारण शोधत बसू नका, पाठ करून टाका.

काही पदांत आर्टिकल नसतं आणि तिथे घातलं तर अर्थ सरकतो. ‘इन बेड’ म्हणजे झोपायला किंवा आजारी म्हणून अंथरुणात. ‘ऑन द बेड’ म्हणजे पलंग नावाच्या वस्तूवर, मग तिथे पिशवीही असू शकते. ‘बाय बस’ प्रवासाची पद्धत सांगतं, ‘ऑन द बस’ ती ठरावीक गाडी. ‘ॲट वर्क’, ‘ॲट होम’, ‘टू स्कूल’ ही सगळी अशीच. जागेपेक्षा तिथे चालणारं काम मनात असलं की ‘द’ जातो. सगळीकडे एकमत नाही हेही खरं. दाखल झालेल्या रुग्णाला ब्रिटिश ‘इन हॉस्पिटल’ म्हणतात, अमेरिकन ‘इन द हॉस्पिटल’. तुमच्या कंपनीत जे चालतं ते धरून चला. ‘इन द एंड’ म्हणजे सरतेशेवटी आणि ‘ॲट द एंड’ म्हणजे कशाच्या तरी शेवटाला, हे दोन मात्र वेगळे ठेवा.

‘ॲन ॲडव्हाइस’चं राहिलं. मराठीत सल्ले दोन देता येतात, बातम्या चार सांगता येतात. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’, ‘न्यूज’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘इक्विपमेंट’, ‘सॉफ्टवेअर’, ‘फीडबॅक’ हे मोजले जात नाहीत. त्यांना ‘ॲन’ नाही, शेवटी ‘एस’ जोडून अनेकवचनही नाही. मोजायचंच असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, म्हणजे पुन्हा प्रिपोझिशनचं पद मदतीला येतं. नाहीतर ‘सम ॲडव्हाइस’, तेच पुरतं.

‘अ’ की ‘ॲन’ हे ठरवताना देवनागरी येणं हा तुमचा मोठा फायदा आहे, तो वापरा. इंग्रजी स्पेलिंग फसवतं, देवनागरी उच्चार लिहिते. पुढचा शब्द मनात देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’ अ-ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ य-ने, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘एमबीए’ ए-ने, ‘ॲन एमबीए’. ‘वन-डे ट्रिप’ व-ने, म्हणून ‘अ वन-डे ट्रिप’. खुद्द इंग्रजांचीही या ‘न’ने फसगत केली आहे. ‘एप्रन’ हा शब्द आधी ‘न’ने सुरू होत असे, ‘अ नॅप्रन’ ऐकता ऐकता तो ‘न’ आर्टिकलला जाऊन चिकटला आणि ‘ॲन एप्रन’ झाला. आणि लिहिताना एकच असलेला ‘द’ वाचताना स्वराआधी ‘दी’ होतो: ‘दी अकाउंट’, ‘दी ऑफिस’. मीटिंगमध्ये बोलताना एवढं सांभाळलं तरी ऐकायला बरं वाटतं.

ही छोट्या शब्दांची कटकट कशाला, असं तुम्हाला वाटत असेल तर एक आकडा सांगते. १९६१ साली अमेरिकेत छापलेल्या मजकुरातून ब्राउन विद्यापीठात सुमारे १० लाख शब्दांचा एक संग्रह तयार झाला. त्यात ‘द’ सुमारे ७० हजार वेळा येतो, म्हणजे दर १०० शब्दांत ७ वेळा. दुसरा क्रमांक ‘ऑफ’चा. इंग्रजीत सर्वांत जास्त येणारे दोन शब्द म्हणजे एक आर्टिकल आणि एक प्रिपोझिशन. अवघड शब्द एखाद्या मेलमध्ये एकदाच येईल, हे मात्र ओळीओळीत भेटणार. तुम्ही त्यांच्यासाठी घेतलेला वेळ वाया जाणार नाही.

सॉफ्टवेअर जरूर वापरा. ‘अ अवर’ किंवा ‘डिस्कस अबाउट’ ते लगेच पकडेल. पण कोणती मीटिंग हे तुमच्या वरिष्ठांना कालच्या बोलण्यातून माहीत आहे का, हे त्याला त्या एका मेलवरून कसं कळणार? तो निर्णय तुमचाच. त्यापेक्षा तुम्हाला परत आलेल्या जुन्या मेल काढा. त्यांत प्रत्येक प्रिपोझिशनपासून त्याच्या नामापर्यंत पेन्सिलीने रेघ मारा आणि रेघेखालचं अख्खं पद मोठ्याने वाचा. कुठल्या जागी तुमचं काय सुटतं, त्याचा साचा तुमच्याच कागदांवर दिसेल. नवीन पुस्तक विकत घेण्याआधी हे करा.

अर्जाची सुरुवात अशी करा: ‘आय ॲम अप्लाइंग फॉर द पोस्ट ऑफ सीनिअर अकाउंटंट.’ ‘द पोस्ट’, कारण जाहीर झालेलं ते एक पद. ‘सीनिअर अकाउंटंट’ला आर्टिकल नको, कारण ते त्या पदाचं नाव आहे. पुढे ‘आय हॅव वर्क्ड ॲज ॲन अकाउंटंट’, इथे ‘ॲन’ हवा, कारण अनेक अकाउंटंटांपैकी तुम्ही एक. मग ‘इन द फायनान्स डिपार्टमेंट’, आणि त्याच्यापुढे जितकी वर्षं झाली तितकी ‘फॉर’ लावून. शेवटची ओळ बहुतेक ‘आय लुक फॉरवर्ड टू’ने सुरू होईल. तिथे ‘टू हिअर’ लिहू नका. हा ‘टू’ क्रियापदाचा नाही, प्रिपोझिशन आहे, त्याला पुढे नामासारखं रूप लागतं: ‘टू हिअरिंग फ्रॉम यू’.

अर्जाचं काय झालं ते कळवा.